शरदाचे ऊन आणि वर्षाचे धान्य



भाद्रपद सरला की आपल्याकडे घरोघरी एकच गडबड उडते. नवरात्राच्या आधी गोधड्या-वाकळा नदीवर जातात. भिंतींना पोतेरे फिरते. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात आणि चिंचेने उजळून निघतात. शेतावर पाहावे तर मूग-उडीद घरी आलेले, बाजरी खळ्यावर, सोयाबीन काढणीला आलेले, भुईमूग उपटायचा राहिलेला. देशावर रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई, कोकणात भातकापणीची घाई. दसरा, कोजागिरी आणि दिवाळी या तीन सणांच्या मधल्या दिवसांत घरातले माणूस निवांत बसलेले दिसायचे नाही.

या साऱ्या कामांत एक काम असे आहे की ते नीट झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि बिघडले तर वर्षभर निस्तरावे लागते. धान्य वाळवून भरून ठेवायचे, हे ते काम. आज त्याचाच विचार करू. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमच्या आज्या-पणज्या हेच करीत आल्या. खरे आहे. पण त्या जे करीत, ते का करीत हे समजले, तर त्यातले काय धरून ठेवायचे आणि काय सोडायचे, हे आपल्याला ठरवता येईल. सगळे सांगणे तीन शब्दांत बसते: वाळवा, निववा, झाका. एकेक शब्द घेऊ.

पहिला शब्द, वाळवा.

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. ढग गेले की ऊन थेट जमिनीवर पडते, आणि जमीन तर अजून ओली असते. म्हणून अंगाची काहिली होते. शहरातली माणसे याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून नावे ठेवतात. पण शेतकऱ्याच्या घराला या उन्हाची फार गरज आहे, कारण खरिपाचा दाणा घरात येतो तोच ओल घेऊन.

आता ही ओल म्हणजे किती? गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. क्विंटलभर धान्यात १८ टक्के ओल असेल, तर त्या १०० किलोंत १८ किलो पाणी आणि ८२ किलो कोरडा दाणा असतो. तेच धान्य १२ टक्के ओलीवर आणले, तर त्याचे वजन सुमारे ९३ किलो भरते. म्हणजे जवळजवळ ७ किलो पाणी उडून गेले. एक कळशीभर पाणी आपण पोत्यात भरून घरात ठेवणार होतो, असे समजा! कोणी म्हणेल, “वजन घटले, नुकसान झाले.” पण घटले ते पाणी. खाण्याचा दाणा एक चिमूटभरही कमी झालेला नाही.

या पाण्याला एवढे भ्यायचे कशाला? त्याचे असे आहे की दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो. कोरडा दाणा अगदी हळू श्वास घेतो, जणू झोपलेला असतो. ओला दाणा मात्र भराभर श्वास घेतो आणि त्या श्वासाबरोबर ऊब सोडतो, आणखी पाणी सोडतो. ओल्या धान्याच्या पोत्यात हात घालून पाहा, आत गरम लागते. ही ऊब आणि ओल बुरशीला हवी असते, किड्यालाही हवी असते. म्हणून साठवणीच्या तृणधान्यात ओल १२ टक्क्यांच्या वर नसावी, आणि कडधान्यात ९ ते १० टक्क्यांवर यावी.

“हे टक्के मोजायचे कसे? आमच्याकडे यंत्र नाही.” यंत्र नसले तरी अडत नाही. आमची आजी ज्वारीचा दाणा दाताखाली धरून विचारायची, “कट् वाजलं का रे? नाही ना? मग आणखी दोन उन्हं दाखव.” वाळलेला दाणा कट्कन फुटतो, ओला दाणा दबतो. ही पिढ्यानुपिढ्यांची परीक्षा आहे.

दुसरी परीक्षा शाळेत करण्याजोगी आहे. झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या. तिचा तिसरा हिस्सा भरेल इतके धान्य घाला. तव्यावर भाजून गार केलेले मीठ तीन-चार चमचे टाका. झाकण लावून मिनिटभर चांगले हलवा आणि पाव तास तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटले, तर धान्यात १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओल आहे असे समजा. मीठ चिकटले नाही, तर ओल १५ च्या खाली आहे. पण आपल्याला १२ पर्यंत यायचे आहे, तेव्हा आणखी दोन उन्हे द्यावीत. मुलांनी घरून मूठ-मूठ धान्य आणावे आणि कोणाच्या धान्याचे मीठ चिकटते ते पाहावे. संध्याकाळी घरी जाऊन ती आईबापांना सांगतीलच!

वाळवताना दोन गोष्टी सांभाळा. धान्य उघड्या जमिनीवर पसरू नका. जमीन वरून कोरडी दिसली तरी खालून ओल देते. ताडपत्री, चटई किंवा स्वच्छ गोणपाट घाला, थर पातळ ठेवा आणि अधूनमधून पायाने नाहीतर फावड्याने परता. दुसरे म्हणजे, या दिवसांत रात्री दव पडते. दिवसभर वाळवलेले धान्य रात्री उघडे राहिले, तर पहाटेपर्यंत ते पुन्हा सादळते. म्हणून सकाळी दव उडाल्यावर पसरावे आणि उन्हे कलली की गोळा करून झाकावे.

परतीचा पाऊस कधी दगा देईल ते सांगता येत नाही. २०१९ साली ऑक्टोबर संपता संपता महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब आले, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा वेळी भिजलेले आणि कोरडे धान्य एकत्र करण्याचा मोह होतो. तो टाळा. भिजलेले वेगळे ठेवा, वेगळे वाळवा. एक ओले पोते दहा कोरड्या पोत्यांना बिघडवू शकते.

यात नुसत्या पैशाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. १९७४ सालची गोष्ट. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी भागात मका हेच रोजचे अन्न होते. त्या वर्षी पिकाच्या ऐन वेळी अवेळी पाऊस आला. भिजलेला मका नीट न वाळता घरात साठवला गेला आणि त्याला बुरशी लागली. घरात दुसरे काही नव्हते, तेव्हा माणसांनी तोच खाल्ला. दोनशेहून अधिक गावांत लोक आजारी पडले. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ जण दगावले. त्या घरांतली कुत्रीही तेच अन्न खाऊन मेली. या बुरशीच्या विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणतात. ते यकृतावर घाला घालते. भाकरी भाजली, उसळ शिजवली, तरी ते विष पुरते नाहीसे होत नाही. मका आणि भुईमूग या दोहोंना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून शेंगा फोडताना काळपट, हिरवट बुरशीचे, सुरकुतलेले दाणे वेचून बाजूला काढा. “गुरांना घालू” असेही म्हणू नका. दुभत्या जनावराने ते खाल्ले, तर विषाचा अंश दुधातून पुन्हा आपल्याच मुलांच्या पोटात येतो. असे दाणे पुरून टाकावेत.

आता दुसरा शब्द, निववा.

आमच्याच घरातली एक चूक सांगतो. एका वर्षी मूग कडकडीत उन्हात वाळवले. दाणा छान वाजत होता. संध्याकाळी पाहुणे यायचे होते म्हणून घाईघाईने गरम मूगच पत्र्याच्या डब्यात ओतले आणि झाकण घट्ट लावले. संक्रांतीला डबा उघडला, तर वरचा चार बोटे थर काळा पडलेला आणि कुबट वास! वाळवण्यात कसूर नव्हती. मग झाले काय? गरम धान्यातली वाफ वर गेली, रात्री गार झालेल्या पत्र्याला लागली आणि तिचे पाणी होऊन पुन्हा धान्यावर ठिबकले. भाताच्या पातेल्यावरचे झाकण आतून ओले होते, तसाच हा प्रकार. तेव्हा वाळलेले धान्य सावलीत पसरून पूर्ण निवू द्या आणि मगच भरा. हाताला ऊब लागेनाशी झाली की भरायला हरकत नाही.

तिसरा शब्द, झाका.

झाकायचे कोणापासून? आधी किड्यापासून. ज्वारी, गहू, तांदूळ यांना सोंड्या किडा लागतो. त्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत राहून आतलेच पीठ खाते आणि सुमारे महिनाभरात किडा होऊन बाहेर पडते. एक मादी तीनशेपर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे आपल्याला पोत्यात पहिला किडा दिसतो, तेव्हा त्याचा मोठा गोतावळा आतच दडलेला असतो. मूग, चवळी, हरभरा यांना लागतो तो भुंगेरा. तो अंडी दाण्यावर चिकटवतो. चवळीच्या दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले, तर ती अंडी समजा. हा भुंगेरा शेतातच वाळलेल्या शेंगांवर येतो आणि तिथून आपल्या घरी येतो.

म्हणून नवे धान्य भरण्याआधी जागा साफ हवी. कणगी, कोठी, डबा रिकामा करून झाडा. फटींतला जुना भुसा काढा, त्यात किडे लपलेले असतात. कणगीला शेण-मातीने लिंपले, तर ते लिंपण खडखडीत वाळेपर्यंत थांबा. जुने बारदान उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. जुन्या धान्यावर नवे ओतू नका. आधीचे संपवा नाहीतर वेगळे ठेवा. पोती भुईवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. खाली दगड-लाकडांवर फळ्या टाका आणि भिंतीपासून हातभर जागा सोडा. म्हणजे ओल चढत नाही, उंदरांची बिळे दिसतात आणि मांजरालाही फिरता येते.

हवा बंद करून धान्य राखण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. सोलापूर-मराठवाड्याकडची ज्वारीची पेवे आठवा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच पेवांत साठवीत. पेवाचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू हळूहळू संपत जातो, आणि त्याच्याशिवाय किडा जगत नाही. त्यामुळेच पेव उघडल्याबरोबर त्यात कोणी उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडे ठेवीत, कंदील सोडून पाहत. तो विझला तर माणसालाही तिथे श्वास घेता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. आज बाजारात घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्या आणि हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांचे तत्त्व तेच. पण ध्यानात ठेवा, हवाबंद भांड्यात ओले धान्य भरले तर ओलही आतच कोंडली जाते. म्हणून झाकणे हे शेवटचे काम, पहिले नव्हे.

घरगुती औषधांविषयी दोन शब्द. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पुरता वाळवून घाला. हिरवा पाला घातला तर त्याच्यातले पाणी धान्याला मिळते. कडधान्यात राख मिसळण्याची रीत चांगली आहे. राख दाण्यांमधल्या जागा भरून टाकते, किड्याच्या अंगावरचे मेणचट कवच तिने खरवडते, आणि तो सुकून मरतो. राख मात्र चाळलेली आणि कोरडी हवी. खाण्याच्या कडधान्याला किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळून ठेवले, तर भुंगेऱ्याची अंडी उबत नाहीत. आणि मुगाची, तुरीची डाळ करून ठेवली तर तिला अख्ख्या दाण्यापेक्षा भुंगेरा कमी लागतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. धान्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या कोणी आणून दिल्या, तर राहत्या घरात त्या कदापि वापरू नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. अशाने घरे उजाड झाली आहेत. ते काम गोदामाचे आणि जाणत्या माणसाचे आहे.

भरून झाले म्हणजे काम संपले असे नाही. महिन्यातून एकदा कोठी उघडून पाहा. हात खोलवर घालून ऊब लागते का, वास कुबट येतो का, दाण्यांना भोके किंवा ठिपके आहेत का, हे तपासा. तारीख लक्षात राहत नसेल तर पौर्णिमा धरा. किड्याची एक पिढी सुमारे महिनाभरात तयार होते आणि पौर्णिमाही महिन्याने येते. कोजागिरीला भरलेली कोठी त्रिपुरी पौर्णिमेला पाहिली, तर पहिलीच पिढी नजरेस पडते आणि एक ऊन देऊन धान्य वाचवता येते.

आता बियाण्याचे. पुढच्या मृगाला पेरायचे बी याच दिवसांत राखून ठेवायचे असते. खाण्याच्या धान्याला कडक ऊन चालते, पण बियाण्याला दुपारचे जाळणारे ऊन नको. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन द्या. सोयाबीनचे साल तर फार नाजूक असते. त्याची पोती उंचावरून आपटू नका आणि पाचाहून अधिक पोत्यांची थप्पी लावू नका. खालच्या पोत्यांतले बी दबून मरते, आणि बाहेरून ते कळतही नाही.

मग कळायचे कसे? नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर माती घालून त्यात धान्य पेरतो आणि दसऱ्याला त्याचे कोंब पागोट्यात खोवतो. ही चाल बियाण्याच्या परीक्षेसाठीच पडली, असे माझे म्हणणे नाही. पण कोंब किती दाट आले हे पाहण्याची नजर त्यातून घराला मिळते. तीच नजर मोजून लावा. राशीतून न निवडता १०० दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडा, गोणपाट गुंडाळा आणि रोज पाणी शिंपडून ओलसर ठेवा. आठवड्याने उलगडून मूळ आणि कोंब नीट आलेले दाणे मोजा. सोयाबीनचे ७०, ज्वारीचे ७५, हरभऱ्याचे आणि गव्हाचे ८५ दाणे उगवावेत, असे प्रमाणित बियाण्याचे माप आहे. एकदा दिवाळीनंतर आणि एकदा पेरणीआधी मे महिन्यात ही परीक्षा घ्या. कमी उगवले तर बी बदलायला निदान वेळ मिळतो. पेरून पंधरा दिवस वाट पाहिल्यावर कळले, तर पाऊसही गेलेला असतो आणि पैसाही.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. हे सारे काम बहुतेक घरांत एकट्या बाईच्या अंगावर पडते. पसरायचे तिने, राखायचे तिने, पाखडायचे तिने, आणि त्याच दिवसांत फराळ आणि सारवणही तिनेच करायचे. मग गरम मूग डब्यात ओतले जातात त्यात नवल काय! पोती उचलणे, कोठी झाडणे, फळ्या मांडणे, बिळे बुजवणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आपली मानावीत. दिवाळीची सुटी लागली की मुलांकडे धान्य राखणे, परतणे आणि मिठाची परीक्षा द्यावी. आजी-आजोबांनी दाणा दाताखाली धरून निकाल सांगावा. चार दिवस असे सगळ्यांनी मिळून लावले, तर एकाच माणसाची पाठ मोडत नाही.

तेव्हा मंडळी, सध्या अंगणात ऊन आहे तोवर घरात जाऊन एक पोते उघडा. मूठभर दाणे काढा आणि एक दाताखाली धरा. कट् वाजले तर निवू द्या आणि झाका. नाही वाजले तर ताडपत्री उन्हात पसरा, अजून दिवस आहेत.